कोऱ्या बाटलीतलं शिसं

डॉ. शकुंतला बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात झाली, आणि ती भांडणानंच झाली. मी लोहाऱ्याहून वडाप जीपमध्ये अंग चोरून बसून आले होते. एम.एस्सी.च्या वर्गात नुकतंच नाव घातलं होतं. त्याच्या थोडंच आधी साखरपुडा झालेला, त्यामुळे हातभर हिरव्या बांगड्या आणि कपाळाला ठसठशीत कुंकू. मॅडम दारातच उभ्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बांगड्या काढून ठेव. कुंकू पूस, तोंड धू, आणि मग आत ये."

मी मुळातच रागीट. म्हटलं, "मॅडम, माझा साखरपुडा झालाय. आणि कुंकू पूस म्हणता?" मॅडमनी आपले दोन्ही हात पुढं केले. बांगडी नाही, अंगठी नाही, कपाळही कोरं. "माझाबी संसार नीट चाललाय ग," त्या म्हणाल्या. "मालक घरी भाकरी खात बसलेत. पण आतलं मशीन कणाचाबी कण पकडतंय. तुझ्या कुंकवात शिसं असलं, तर ते उद्या कुणाच्या तरी विहिरीच्या नावावर लिहिलं जाईल. ती विहीर कुणाची असंल, तुला म्हायती हाय का?"

मला काय माहीत असणार? मी धुसफुसत बांगड्या उतरवल्या आणि रुमालात बांधून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवल्या. संध्याकाळी निघताना मॅडमनी तो रुमाल स्वतः सोडला, बांगड्या माझ्या हातात घातल्या आणि आपल्या पिशवीतली डबी काढून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "हे घरी केलेलं हाय आणि तपासलेलंबी हाय," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले, पुढं त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले, आणि आज लोहाऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवताना मुलींना दारातच अडवते.

मॅडमचा अमृतमहोत्सव आहे, गौरवग्रंथ निघतो आहे, त्यासाठी चार गोड शब्द लिहा, असा निरोप समितीकडून आला. "कटू काही नको, शुभप्रसंग आहे," असंही बजावलं गेलं. गोड लिहिणाऱ्यांची यादी मी पाहिली. त्यांतल्या निम्म्यांनी प्रयोगशाळेचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, आणि उरलेल्यांतले काही जण तिला कुलूप लावायलाच आले होते. मॅडम कुणावर चिडत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे त्यांच्या वाट्याचं चिडायचं कामही इतकी वर्षं माझ्याकडंच आहे, आणि ते मी या लेखातही करणार आहे. छापायचं नसेल तर लेख परत द्यावा, पण कात्री लावू नये.

आधी कामाबद्दल. आमच्या भागात पाण्याला चव आली, द्राक्षाचा माल परत आला, गुरं आटली, की लोक पहिल्यांदा देवाला विचारत, मग डॉक्टरला, आणि मग बिराजदार मॅडमना. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बिसलेरीच्या बाटल्या, दुधाच्या किटल्या आणि पदरात बांधलेली माती घेऊन माणसं बसलेली असत. मॅडम प्रत्येकाला विचारत, "बाटली आधी कशाची होती?" कुणी सांगे रॉकेलची, कुणी सांगे फवारणीच्या औषधाची. त्याला चहा देऊन परत पाठवत आणि म्हणत, "मीच येते. माझ्या बाटल्या घेऊन येते."

त्या बाटल्यांची एक रीत होती. ॲसिडनं धुतलेल्या बाटल्यांच्या खोक्यात एक बाटली जास्तीची असे. तिच्यात प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी भरलेलं. ती बाटली आमच्याबरोबर जीपमध्ये बसून गावाला यायची. विहिरीवर तिचंही झाकण उघडायचं, तेवढाच वेळ उघडं ठेवायचं, परत लावायचं, आणि तिला जशीच्या तशी परत आणून बाकीच्यांसारखीच तपासायची. मॅडम तिला कोरी बाटली म्हणत. तिच्यात काही सापडलं, तर ते गावचं नाही, ते आपल्या हातचं. "गावाला बोल लावायच्या आधी आपला हात हुंगायचा," असं त्या म्हणत. हे ऐकायला सोपं आहे. कोरी बाटली बोलली म्हणून आठवड्याचं काम फेकून देणारं माणूस मात्र मी एकच पाहिलं आहे.

आता तो प्रसंग. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण मॅडमना ते आवडणार नाही. लोहाऱ्यापासून फार लांब नाही एवढं पुरे. त्या गावात लहान लेकरं आजारी पडू लागली. पोटात कळा, अंगात रक्त नाही, वाढ नाही. सगळ्यांत वाईट अवस्था मंगलच्या राणीची होती. मंगल गावच्या खंडोबाचं देऊळ झाडायची, देवळालाच लागून तिची खोली. राणी तीन वर्षांची होती आणि दीड वर्षाच्या पोरीएवढी दिसायची. उमरग्याच्या डॉक्टरांनी तिचं रक्त बाहेर तपासायला पाठवलं, आणि उत्तर आलं की रक्तात शिसं आहे.

शिसं म्हटल्याबरोबर गावाला गुन्हेगार सापडला. भिवाअण्णा हा धनगर म्हातारा, गावाच्या वरच्या अंगाला त्याची विहीर. त्या विहिरीवर तो पावसाळ्याच्या तोंडाला मेंढरांना गोचिडाच्या औषधानं धुवायचा, आणि निम्मं गाव त्याच विहिरीचं पाणी प्यायचं. झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. त्या औषधात शिसं असतं का, हे कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं जे शेतकरी खतासाठी अण्णाची मेंढरं आपल्या रानात बसवायला भांडायचे, तेच आता त्याला बांधावरून हाकलू लागले. दुकानदार त्याला मीठ देईना. गावानं बैठक घेऊन ठरवलं की मॅडमचा अहवाल आला की अण्णाला मेंढरांसकट शिवेबाहेर काढायचं. पाणी आधी तपासायचं एवढी तरी अक्कल त्यांना होती, असं मला वाटलं होतं. त्यांना तपासणी नको होती, शिक्का हवा होता, हे मला नंतर कळलं.

नमुने आणायला मॅडम, मी आणि आमचे प्रयोगशाळा परिचर गोरोबामामा गेलो. मामा मूळचे अणदूरचे, खंडोबाचे निस्सीम भक्त. बाटल्या धुण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही अण्णाच्या विहिरीचं पाणी घेतलं, शाळेच्या बोअरचं घेतलं, मंगलच्या माठातलं घेतलं. भिवाअण्णा लांब बाभळीखाली उभा होता. आम्ही निघालो तेव्हा पुढं आला आणि मॅडमना म्हणाला, "बाई, लई पिढ्या झाल्या आमी हितं. माझी नातवंडं बी ह्याच हिरीचं पाणी पित्यात. तुमी काय ते खरं लिवा. हिरीत खोट निगाली तर म्या सोता जातो, मला काढायची गरज न्हाय."

मशीन लावलं. अण्णाच्या विहिरीत शिसं निघालं. मी आकडा पाहिला आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. बातमी कुठून फुटली देव जाणे, संध्याकाळच्या आत सरपंचांची गाडी दारात. बरोबर चारपाच जण, सगळ्यांच्या चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा आनंद.

"मॅडम, कागद द्या. शिक्का मारून द्या."

मॅडम त्या वेळी कोरी बाटली तपासत होत्या. मशीनकडं बघत म्हणाल्या, "कागद मिळणार न्हाय."

"का? हिरीत शिसं सापडलंय का न्हाय?"

"सापडलंय. आणि माझ्या कोऱ्या बाटलीतबी सापडलंय. ही बाटली तर मीच भरली होती, इथल्याच पाण्यानं. मग आधी मला गावाबाहेर काढा, अण्णाचं नंतर बघू."

सरपंच तावातावानं बोलले. बाई घाबरली, बाई मॅनेज झाली, असं जाता जाता ऐकवून गेले. मी बाहेर जाऊन त्यांच्याशी भांडणार होते, मॅडमनी माझा हात धरून ठेवला. मग माझा राग मामांवर वळला. बाटल्या त्यांनी धुतलेल्या! मी त्यांना वाटेल ते बोलले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी मला खुर्चीत बसवलं, मामांना पाणी दिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "मामा, त्या दिवशी खोकं जीपमध्ये चढवल्यापासून तुम्ही काय काय केलं, ते मला सगळं सांगा. काय बी लपवू नका, तुमची चूक म्हणून विचारत न्हाय."

मामा आठवून आठवून सांगू लागले. खोकं चढवलं, ताडपत्री बांधली, चहा घेतला. गावात पोचल्यावर देवळापाशी जीप थांबली होती. तिथं दर्शन घेतलं. "आणि मग आपला भंडारा लावला, मॅडम."

"कुठं?"

"खोक्याला. नव्या कामाला निगालो की लावतोच की आमी. गाडीला लावला, खोक्याला लावला, बाटल्यांच्या झाकणांवर चिमूट चिमूट टाकला. लेकरं बरी व्हावी म्हनून." त्यांनी कमरेची कापडी पिशवी सोडली. "हा बघा. तिथल्याच दुकानातला. देवाचाच हाय."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. दुसरं कुणी असतं तर त्यानं मामांना अडाणी म्हणून हाकलून दिलं असतं आणि नमुने परत घेतले असते. मॅडम त्या पिशवीकडं बघत राहिल्या. भंडारा म्हणजे हळद. हळदीत शिसं कुठून येणार? त्यांनी पिशवीतला चिमूटभर भंडारा वजन करून घेतला, ॲसिडमध्ये उकळला, गाळला आणि मशीनला दिला. शेजारी आपल्या घरच्या कांडलेल्या हळदीचा नमुना लावला. घरच्या हळदीत काहीच नव्हतं. भंडाऱ्याचा आकडा मशीनच्या मापाबाहेर गेला. पुन्हा पातळ करून दिला, पुन्हा बाहेर गेला.

ती निव्वळ हळद नव्हतीच. हळदीच्या भुकटीत शिशाचा पिवळाजर्द रंग मिसळलेला होता, भिंती आणि लोखंड रंगवायचा. त्यानं फिकट जुनी हळदसुद्धा सोन्यासारखी दिसते. आणि हा भंडारा गाव रोज कपाळाला लावत होतं, जिभेवर ठेवत होतं, बाळंतिणीला देत होतं. राणी देवळाच्या फरशीवर खेळायची. फरशीवर सांडलेला भंडारा बोटानं चाटायची, आणि मंगलला वाटायचं, देवाचंच तर खातेय, अंगाला लागंल.

मला आजही तो क्षण आठवला की मूठ वळते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला गाव निघालं होतं, आणि कागदावर शिक्का मारायला आमचेच हात लागणार होते. कोरी बाटली नसती तर भिवाअण्णा शिवेबाहेर गेला असता, गावानं देवाला भंडारा उधळून आनंद केला असता, आणि राणी तोच चाटत बसली असती.

मॅडमनी मात्र आनंदही केला नाही आणि रागही. "परत जाऊ," एवढंच म्हणाल्या. आम्ही परत गेलो. या वेळी मामांनी खोक्याला हातच लावला नाही. अण्णाची विहीर स्वच्छ निघाली, शाळेचा बोअर स्वच्छ, कोरी बाटली स्वच्छ. मंगलच्या माठात तेवढं शिसं होतं, कारण माठाच्या काठाला ती रोज भंडाऱ्याची पाच बोटं ओढायची.

गाव देवळापुढं जमलं. मामांनी ज्यांच्याकडून भंडारा घेतला होता, ते दुकानदारही नातवाला घेऊन आले होते. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. तेवढ्यात ते दुकानदार उठले. "देवाच्या भंडाऱ्याला विष म्हणता? शिकून धर्म बुडवायला निघालात का?" गर्दीत कुजबुज वाढली. धर्माचं नाव निघालं की आमच्याकडं विचार करायची सक्ती संपते. एकजण ओरडला की धनगरानं पैसे चारलेत. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मॅडमनी आवाज चढवला नाही. त्या घरून हळकुंडं घेऊन आल्या होत्या. गावातल्याच मिरची-हळद कांडायच्या मशीनवर मामांनी ती सगळ्यांसमोर कांडून आणली. मॅडमनी त्यातली चिमूट देवाला वाहिली, कपाळाला लावली, आणि चिमूटभर तोंडात टाकली. ज्या बाई प्रयोगशाळेत कोऱ्या कपाळानं वावरत, त्यांचं कपाळ मी त्या दिवशी पहिल्यांदा भंडाऱ्यानं भरलेलं पाहिलं. मग दुकानदारांची पुडी त्यांच्यापुढं ठेवली.

"तुम्हीच मिसळलं असं मी म्हणत न्हाय," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पण कुठनंतरी आणताच की. ह्या पुडीत शिसं हाय, एवढंच म्हणते. माझं खोटं असंल तर ह्यातली चिमूट तुमच्या नातवाच्या जिभेवर ठेवा."

नातू त्यांच्या कडेवरच होता. त्यांनी पुडीकडं पाहिलं, नातवाकडं पाहिलं. हात पुढं आला नाही. मग मंगल उठली, तिनं राणीला फरशीवरून उचललं, हौदावर नेऊन तिचे हात धुतले, तोंड धुतलं, जीभ पुसली. पोरगी रडत होती आणि ती पुसतच होती.

भिवाअण्णाची कुणी माफी मागितली का? कुणीही नाही. दुसऱ्या आठवड्यात तेच शेतकरी त्याच्या वाड्यावर गेले आणि "अण्णा, मेंढरं आमच्या रानात बसवा की," म्हणाले, जसं मधे काही झालंच नाही, आणि अण्णा गेलाही. मी तणतणत अण्णाला विचारलं, तुम्ही कसे गेलात? म्हातारा म्हणाला, "इसरलो न्हाय, पोरी. पर मेंढरांला रान लागतंय." मला त्याच्यासारखं होता येत नाही आणि व्हायचंही नाही.

मॅडमच्या जिव्हाळ्याबद्दलही लिहायला हवं, नाहीतर समिती म्हणेल की बाई नुसतीच भांडली. मला दिवस गेले तेव्हा मॅडमनी शिशाच्या टेबलापाशी मला फिरकू दिलं नाही. माझं सगळं काम स्वतः उभ्यानं केलं आणि प्राचार्यांना सांगितलं, सुनंदा लिखाणाचं काम करतेय. मी त्या काळात त्यांच्या खोलीत बसून शेंगा सोलत होते. आणि मामांची रीत त्यांनी मोडली नाही. पुढं प्रत्येक दौऱ्याला निघताना मॅडम स्वतः घरच्या हळदीची डबी मामांपुढं धरत. मामा जीपच्या टपाला, चाकाला मनसोक्त भंडारा लावत, मग साबणानं हात धुऊन बाटल्यांच्या खोक्याला हात लावत. मामा निवृत्त झाले त्या दिवशी मॅडमना वाकून नमस्कार करायला गेले, तर मॅडमनीच त्यांचे पाय धरले. म्हणाल्या, "तुम्ही भंडारा लावला म्हणून सापडलं हो."

राणी जगली. पण शिसं अंगातून गेलं तरी त्यानं केलेलं सगळं परत येत नाही. ती आता मोठी मुलगी झाली आहे, बोलते छान, हसते छान, पण सुट्टे पैसे मोजताना अडखळते, वाचलेलं तिच्या लक्षात राहत नाही. मॅडम गुडघे दुखत असतानाही एसटीनं तिच्याकडं जातात, शेजारी बसून तिला वाचायला लावतात. याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. मला मंगलनं सांगितलं.

आणि हे सगळं केल्याबद्दल मॅडमना काय मिळालं? वर तक्रार गेली. भंडाऱ्याचे नमुने घेऊ नका, भावना दुखावतात, असं तोंडी फर्मान आलं. भंडारा कुठं रंगतो, कोण रंगवतो, हा माग मॅडम काढणार होत्या. तो तिथंच तुटला. त्या निवृत्त झाल्या आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मशीनमधला शिसं ओळखणारा दिवा संपला, तो नवा घ्यायला कुणाला सवड झाली नाही. आता ते मशीन मागच्या खोलीत ताडपत्रीखाली आहे. प्रयोगशाळेच्या जागी गाद्यांच्या खुर्च्यांचं सभागृह झालं आहे, आणि मॅडमचा सत्कार त्याच सभागृहात आहे. व्हरांड्यात बाटल्या घेऊन बसणारी माणसं कुठं जातात, असा प्रश्न एकाही गोड लेखात मला दिसला नाही. ती कुठंच जात नाहीत. ती जे मिळेल ते पितात.

या समारंभाचे स्वागताध्यक्ष तेच भंडाऱ्याचे दुकानदार आहेत. आता ते मोठे व्यापारी झाले आहेत. त्यांचं नाव मी लिहीत नाही, निमंत्रणपत्रिकेवर ते मॅडमच्या नावाहून ठळक आहे. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे ग. माणूस बदलतो." बदलतही असेल. मॅडमनी शिकवलं आहे की अंदाजानं बोल लावायचा नाही. म्हणून मी अंदाज केला नाही.

समितीच्या बैठकीला मी गेले होते. औक्षणाच्या ताटाची तयारी चालली होती. पंच्याहत्तर दिवे, सुपारी, अक्षता, आणि हळदीचं पाकीट, स्वागताध्यक्षांकडून सप्रेम भेट म्हणून आलेलं. पिवळंजर्द. मी त्यातली चमचाभर हळद कागदात बांधून आणली. मोठं मशीन माझ्याकडं नाही, पण मॅडमनी शिकवलेली साधी रीत माझ्या कॉलेजच्या टेबलावरही चालते. हळद जाळून राख केली, पातळ ॲसिडमध्ये विरघळवली, गाळली, आणि रंग दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. शिशाचा पिवळा रंग असेल तर द्राव गुलाबी होतो.

तो गुलाबी झाला.

तेव्हा समितीला माझी हात जोडून नाही, हात उगारून विनंती आहे. शाल नको, मानपत्र नको. मागच्या खोलीतली ताडपत्री काढा, मशीनला दिवा आणा आणि कुलूप उघडा. ते जमत नसेल, तर निदान ज्यांनी आयुष्यभर गावाच्या कपाळावरचं विष ओळखलं, त्यांच्या कपाळाला ते तुमच्या हातानं लावू नका. कार्यक्रमाला मी लवकर येणार आहे. घरी कांडलेली हळद, घरचं कुंकू आणि माझं ताट घेऊन येणार आहे. मॅडमना मीच ओवाळीन. तुमचं ताट ज्यांना पुढं करायचं असेल, त्यांनी आधी त्यातली चिमूट स्वागताध्यक्षांच्या जिभेवर ठेवावी, आणि मग व्यासपीठावर यावं.

बिराजदार मॅडमना शतायुष्य लाभो. त्यांचे गुडघे बरे राहोत, त्यांची नजर अशीच कणाचाही कण पकडणारी राहो, राणीचं एक तरी पुस्तक त्यांच्यासमोर वाचून पुरं होवो. त्यांना न चिडता जगायला मिळो, त्यासाठी चिडणारे आम्ही मागं आहोत.

आणि मॅडम, हे वाचून तुम्ही काय विचाराल ते मला माहीत आहे. हळदीच्या परीक्षानळीशेजारी मी दुसरी नळी ठेवली होती. तेच ॲसिड, तेच थेंब, तेच माझे हात. बांगड्या काढल्या होत्या, कुंकू पुसलं होतं. ती नळी शेवटपर्यंत कोरीच राहिली.